वयात येण्याच्या कादंबऱ्या : सांगणारा किती लांबून सांगतो?

कुळागर, फोंडा
जूनच्या दुसऱ्या शनिवारपासून गणेश चवथीपर्यंत, दर आठवड्याला दीड तास असा वाचनाचा गट इथे सुरू होतोय. अकरावी-बारावीची मुलं आणि मोठी माणसं एकत्र बसणार. विषय : पोर मोठं होतं त्या कादंबऱ्या. नावं सगळ्यांना ठाऊक असतात. ती वाचायची कशी, ह्यावर इथल्या जाणत्यांचं मत हवंय.

माझं म्हणणं आधी मांडतो. ह्या पुस्तकांत पोराचं वय किती ते दुय्यम. सांगणारा त्या वयापासून किती वर्षं पुढे निघून आलाय आणि ती वर्षं त्याच्या वाक्यात कशी उतरलीत, ह्यावर पुस्तक तरतं.

डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चं २७ वं प्रकरण घ्या. पिप लंडनला जाऊन साहेब झालाय आणि त्याला वाढवणारा लोहार, जो गार्जरी, त्याला भेटायला येतो. जोला टोपी कुठे ठेवावी कळत नाही. शेकोटीवरच्या फळीच्या कोपऱ्यावर ठेवतो, ती पडते. झेलतो, परत तिथेच ठेवतो, परत पडते. शेवटी चहाचा चोथा ओतायच्या भांड्यात जाते. ज्या पिपच्या समोर हे चाललंय त्याचा जीव लाजेने अर्धा झालाय, चीडही आलीय. पण सांगणारा पिप तिथेच कबूल करतो की दोष आपला होता, आपण मोकळेपणी वागलो असतो तर जोही मोकळा झाला असता. एका परिच्छेदात एकाच माणसाची दोन वयं. चिडलेला एक आणि पस्तावलेला एक. लेखक कुठेही 'आता मी मोठा झालो' म्हणत नाही. टोपी पडत राहते, तेवढंच.

तर दोन प्रश्न. तुमच्या वाचनातलं कुठलं पुस्तक किती लांबून सांगितलंय? आणि गटात वाचताना ते नेमकं कुठे अडतं?

सुरंगी, मडगाव
कुळागरबाब, ह्याच्या अगदी उलट टोकाला लंपन. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' ह्या चार पुस्तकांत लंपन आई-बाबांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. मोठेपणीचा लंपन मधे येऊन काही समजावत नाही. हे प्रकाश नारायण संतांनी कसं साधलंय ते बघायचं तर आकडे बघा. खूप वेळा म्हणायचं असेल तर लंपन हजारांच्या घरातला आकडा सांगून टाकतो, तोही पूर्ण खात्रीने. आणि 'मॅड' हा एक शब्द रागाला, लाडाला, आश्चर्याला सगळीकडे चालतो. मोठ्या माणसाने ते वाक्य सांगितलं असतं तर आकडा आधी गळला असता.

गटासाठी दोन गोष्टी. एक, ह्या कथा आहेत, कादंबरी नव्हे. एका बैठकीला एकच कथा घ्या, सुरुवात 'वनवास'पासून. दुसरी, त्या मराठीला बेळगावकडच्या कानडीचा हेल आहे. मोठ्याने वाचणारा तो पुसून पुण्याच्या सुरात वाचायला लागला की लंपन मरतो. काणकोण-सांग्याच्या बाजूचं कोणी गटात असेल तर वाचायला त्यांनाच बसवा, हेल आपसूक येईल.

खाजन
'कोसला' (१९६३) ह्या दोघांच्या मधे कुठेतरी. पांडुरंग सांगवीकर पंचवीस वर्षांचा आहे आणि सांगतोय ते बरंचसं कालपरवाचं. पिपसारखी शहाणपण यायला लागणारी वर्षं त्याच्याजवळ नाहीत. म्हणून ते 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'. पुष्कळ जण त्याला नेमाड्यांची लकब म्हणून सोडून देतात. माझ्या मते ते आडोसे आहेत. वाक्य ठाम व्हायला आलं की पांडुरंग 'वगैरे' टाकून बाजूला सरतो, म्हणजे त्याचा जाब द्यावा लागत नाही. धाकटी बहीण मनी देवीने जाते तिथे मात्र आडोसा पुरत नाही. पुस्तकाचा तोल त्या पानांवर आहे.

कुठे अडतं? पुण्यातल्या होस्टेल-मेस-गॅदरिंगच्या भागात. प्रसंगावर प्रसंग येतात, गोष्ट म्हणावी अशी पुढे सरकत नाही, तिसऱ्या आठवड्याला माणसं गळायला लागतात. त्यावर उपाय : तो भाग घरी वाचायला द्या आणि सोबत काम द्या. प्रत्येकाने कुठलीही १० सलग पानं घ्यायची, 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ'खाली पेन्सिलीने रेघ मारायची, आणि तो शब्द काढून वाक्य परत वाचायचं. काय उघडं पडतं ते बैठकीत सांगायचं. मनीची पानं मात्र बैठकीतच, एका दमात, एकानेच मोठ्याने वाचायची. वाचून झाल्यावर पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही. लगेच चर्चा सुरू केली की लोक नियतीवर बोलायला लागतात, पान राहतं बाजूला.

तिसवाडीकर
दहा पानांना एक पेन्सिल पुरायची नाही खाजनबाब, टोक करायचं यंत्रही द्या सोबत.

बांध, डिचोली
माझा मुळातच विरोध. पंधरा-सोळाच्या पोरांना ही पुस्तकं देऊच नका. जोची टोपी पडते तेव्हा त्या वयाचं पोर हसतं आणि पुढे जातं. लाज कळायला आधी कोणाचा तरी अपमान आपल्या हातून होऊन वर्षं लोटावी लागतात. सांगणारा जितका लांब, तितकाच वाचणाराही लांब आलेला असला पाहिजे. मुलांना साहसाच्या, रहस्याच्या गोष्टी द्या, त्यांचं वाचन वाढवा. वयात येण्याच्या कादंबऱ्या ह्या वय होऊन गेलेल्यांच्या.

रानआवळा
बांधबाब, मार्क ट्वेनचं 'हकलबरी फिन' तुमचं हे म्हणणं उलटं करतं. तिथे सांगणारा तेरा-चौदा वर्षांचा आणि त्याला आपण बरोबर वागतोय हेच माहीत नाही. ३१ व्या प्रकरणात तो पळून आलेला गुलाम जिमचा ठावठिकाणा कळवणारं पत्र लिहितो. लिहून झाल्यावर त्याला पापातून सुटल्यासारखं वाटतं. मग जिम आपल्याशी कसा वागला ते आठवत बसतो, थरथरत्या हाताने कागद घेतो, आणि आता नरकात गेलो तरी बेहत्तर म्हणून फाडून टाकतो. त्याला खरंच वाटतं की तो नरकात जाणार. वाचणाऱ्याला कळतं, सांगणाऱ्याला नाही. पंधरा वर्षांच्या पोराला सांगणाऱ्याच्या पुढे असण्याचा हा मान कुठलंच दुसरं पुस्तक देत नाही. म्हणून मुलांना आधी हे द्या, पिप नंतर.

दोन अडचणी सांगून ठेवतो. एक, ४३ प्रकरणांपैकी शेवटची दहा-बारा, हकचा दोस्त टॉम सॉयर परत येतो तिथपासूनची, पुस्तकाला खाली ओढतात. जिमला सोडवण्याचा तो लांबलचक खेळ मुलांना आवडतो आणि त्या नादात ३१ वं प्रकरण विसरलं जातं. मी म्हणेन ३१ व्या प्रकरणापाशी एक बैठक थांबा आणि उरलेलं घरी वाचू द्या. दुसरी अडचण बोलीची. ट्वेननी सुरुवातीलाच सांगून ठेवलंय की पुस्तकात वेगवेगळ्या बोली मुद्दाम वापरल्यात. मराठीत सगळं प्रमाण भाषेत उतरलं की हक मास्तरासारखा बोलायला लागतो. इंग्रजी जमणाऱ्याने निदान ते एक प्रकरण मुळातून मोठ्याने वाचावं. आणि त्यात काळ्या माणसांसाठी जो हीन शब्द शेकडो वेळा येतो, त्याबद्दल बैठकीच्या आधीच बोलून घ्या. २०११ साली अमेरिकेत तो शब्द बदलून एक आवृत्ती निघाली आणि त्यावर मोठा वाद झाला. मुलांसमोर तो अचानक आला तर सगळा वेळ तिथेच जातो.

माटोळी, म्हापसा
'श्यामची आई' कोणी काढलंच नाही अजून? लांबून सांगणं म्हणजे काय ते मराठीत शिकायचं तर तिथेच. आई गेली १९१७ साली, साने गुरुजींनी पुस्तक लिहिलं १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात. मधे सोळा वर्षं. आणि सांगणाऱ्या श्यामसमोर आश्रमातले मित्र बसलेत, रोज रात्री थोडं थोडं ऐकतात. म्हणून प्रकरणांना 'रात्र' म्हटलंय. हा ऐकणारा घोळका काढला की उरतात त्या बोधकथा. मुलांसाठी छोट्या केलेल्या पुस्तकांत नेमका तोच आधी कापला जातो. हातातली प्रत पुरी आहे की नाही हे बघायला सोपी खूण : रात्री ४२ भरल्या पाहिजेत आणि प्रकरणांना मित्रांच्या बोलण्याची सुरुवात-शेवट पाहिजे. गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे आपल्या कायद्याने साठ वर्षांनंतर पुस्तक सगळ्यांना मोकळं झालंय. बाजारात आवृत्त्या ढीगभर आहेत, त्या सगळ्या पुऱ्या नसतात.

खाजन
माटोळीबाय, पुस्तकाचा मान राखून सांगतो, ही वयात येण्याची कादंबरी नव्हे. मोठं होणं म्हणजे घरापासून, आईपासून कुठेतरी वेगळं होणं. श्याम आईच्या शब्दाबाहेर जातो तेव्हा तो चुकलेलाच असतो, प्रत्येक वेळी. पांडुरंग बापाशी भांडतो, पिप जोला टाकतो, हक तर समाजालाच सोडतो. श्यामला असं काही करायची मुभाच नाही.

माटोळी, म्हापसा
पोहण्याची रात्र परत वाचा. श्याम पाण्याला भिऊन लपून बसतो, आई त्याला शोधून काढते, शिंपटीने फोडून काढत विहिरीवर पाठवते. मोठा श्याम मित्रांना आपला भेकडपणा काहीही झाकून न ठेवता सांगतो, आणि आईने मारलं हेही सांगतो. नंतर तीच आई वळांवर हात फिरवते, दही देते. सोळा वर्षांनी त्याला जे कळलंय ते असं की मारणारा हात आणि दही देणारा हात एकच होता, आणि मारताना तिलाही लागत होतं. आईपासून वेगळं होणं ही एक वाट. आईला माणूस म्हणून पाहता येणं ही दुसरी. तुम्ही पहिलीलाच मोठं होणं म्हणताय.

खाजन
पोहण्याच्या रात्रीपुरतं मान्य. सगळ्या ४२ रात्रींना ते लागू होतं असं अजूनही वाटत नाही.

सुरंगी, मडगाव
आतापर्यंत आलेली पोरं मोजा : पिप, लंपन, पांडुरंग, हक, श्याम. मुलगी एक नाही! 'जेन एअर' (१८४७) मध्ये दहा वर्षांच्या जेनला लाल खोलीत कोंडतात तिथपासून गोष्ट आहे आणि सांगणारी जेन लग्न होऊन दहा वर्षं झालेली बाई आहे. तिचा लहानपणचा राग तिने म्हातारपणासारखा मऊ करून सांगितलेला नाही, हे तिचं वेगळेपण. पिप स्वतःला दोष देतो, जेन देत नाही. ३८ प्रकरणांपैकी पहिली दहा गटाला पुरेत. लोवुड शाळा, करपलेली लापशी, मैत्रीण हेलन बर्न्सचा क्षय, सगळं त्यात येतं. पुढे प्रेमकथेचा नायक रॉचेस्टर आला की मुलं-मुली दुसरंच पुस्तक वाचायला लागतात.

मराठीत अस्सल उदाहरण पाहिजे तर ते कादंबरीत नाही, 'स्मृतिचित्रे'त आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं लग्न अकराव्या वर्षी झालं. त्या काळच्या मुलीचं वयात येणं लग्नाच्या आधी घडायचंच नाही, ते सासरी घडायचं. म्हणून मुलांच्या कादंबऱ्यांचा साचा तिथे लावू नका. पोर घर सोडून निघतं ही ह्या पुस्तकांची ठरलेली सुरुवात. तिथे घर सोडणं मुलीच्या हातात नाही, ते तिच्यावर येऊन पडतं. लिहिताना त्या साठीच्या पुढच्या, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या अडाणीपणाला त्या हसतात. त्यात कडवटपणा शोधूनही सापडत नाही.

लहान मुलींसाठी शांता शेळक्यांनी केलेला 'लिटल विमेन'चा अनुवाद 'चौघीजणी' आहेच. ज्योने लिहिलेली वही एमी रागाने जाळते ते प्रकरण तेवढं मोठ्याने वाचा. ह्या वयाचं नुकसान किती मोठं असतं ते तिथे दिसतं.

तिसवाडीकर
सुरंगीबाय, स्काउट राहिली. 'टू किल अ मॉकिंगबर्ड'. सहा वर्षांच्या मुलीचे डोळे आणि मोठ्या बाईची शब्दसंपत्ती. काही जणांना हाच त्या पुस्तकाचा दोष वाटतो.

पाणवठा, पेडणे
दोष नव्हे, तीच ती मोजपट्टी! आणि मराठीत ह्याचं सगळ्यात धारदार रूप 'झोंबी'त (१९८७). आनंद यादवांनी निवेदन शाळेच्या भाषेत ठेवलंय आणि बोलणं कागलच्या बोलीत. आंद्या मळ्यात राबतो, त्याला शिकायचंय, बाप शिकू देत नाही. एकाच पानावर बापाचं बोलणं एका भाषेत आणि पोराचं सांगणं दुसऱ्या. ह्या दोन भाषांमधली फट म्हणजेच ते शिक्षण, ज्याच्यासाठी सगळी झोंबाझोंबी चाललीय. सांगणारा किती लांब आला हे सांगावंच लागत नाही, कानाला ऐकू येतं. दोन वाचक घ्या, एकाने निवेदन वाचायचं, दुसऱ्याने फक्त संवाद. पाच पानांत गटाला मुद्दा कळतो.

'बलुतं' (१९७८) आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे, पण ह्या धाग्यात ते पाहिजेच. तिथे दया पवारांनी स्वतःचे दोन केलेत. दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. लहानपणचा, गावाकडचा, महारवाड्यातला आपण शहरातल्या शिकलेल्या आपल्याला समोर बसवून सांगतो. कुळागरबाब म्हणतात ते अंतर इथे दोन माणसांत वाटून दिलंय. मात्र हे अकरावीच्या मुलांसमोर आणताना मोठ्यांनी ते आधी पुरं वाचून यावं. अर्धवट माहितीवर बोलणारा गट ह्या पुस्तकावर अन्याय करतो.

बांध, डिचोली
मी अजून माझ्या मताशीच आहे, पण 'झोंबी' दोन वाचकांनी वाचायची कल्पना फार चांगली.

तिसवाडीकर
सिनेमा बघून पुस्तक वाचलं असं समजणाऱ्यांसाठी एक सांगतो. 'पथेर पांचाली'त अपू आणि दुर्गा कासाच्या पांढऱ्या फुलांतून धावत जाऊन आगगाडी बघतात, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. ते सिनेमातलं. बिभूतिभूषणांच्या कादंबरीत (१९२९) दुर्गाची आगगाडी राहूनच जाते. आजारपणात ती अपूला म्हणते, मी बरी झाले की मला एकदा गाडी दाखवशील ना. पुढे गाव सोडताना अपू आगगाडीत बसलेला असतो, आणि मागे राहिलेल्या गावाबरोबर दीदीही राहून गेलेली. सिनेमा मोठाच आहे. पण पोरगं मोठं कुठे झालं ते कादंबरीत त्या डब्यात आहे. गटात दोन्ही घ्यायचे असतील तर पुस्तक आधी, सिनेमा नंतर. उलट केलंत की कादंबरीतली आगगाडी कोणालाच दिसणार नाही.

हिचा सांगणारा तिऱ्हाईत आहे, 'मी' नव्हे, हेही ध्यानात घ्या. 'स्वामी अँड फ्रेंड्स' (१९३५) तसंच. राजम गाव सोडून जातो, गाडी सुटते, स्वामी परीकथांचं पुस्तक त्याच्यापर्यंत कसंबसं पोचवतो, आणि राजमने माफ केलं का ते ना स्वामीला कळत ना आपल्याला. मोठेपणीचा स्वामी सांगत असता तर त्याने हे कोडं सोडवून टाकलं असतं.

सुरंगी, मडगाव
आणि 'शाळा'? मिलिंद बोकिलांचा मुकुंद जोशी नववीतला, मागे आणीबाणी. त्याच्या बोलण्यात मोठा मुकुंद जवळजवळ नाहीच. शिरोडकर गाव सोडून जाते आणि पुढ्यात दहावी. मोठ्यांच्या जगात काय चाललंय ते आज वाचकाला कळतं, मुकुंदला त्यातलं थोडंच. म्हणजे रानआवळाबाबांच्या हकच्याच जातीचं पुस्तक. बांधबाब, हे दहावीतल्या मुलांना दिलं तर त्यांना साहसकथा मागायची आठवण राहणार नाही.

माटोळी, म्हापसा
जरा विषय सोडून. गटासाठी जुन्या प्रती गोळा करायच्या तर पावसात त्यांचं काय? जुलैत कपाट उघडलं की बुरशीचा वास नाकात जातो.

रानआवळा
हवेत ओल ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती क्वचितच खाली येते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. पुस्तकं ठासून भरू नका, बोट आत जाईल इतकी सैल पाहिजेत. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक, आतली ओल आतच राहते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलणाऱ्या घेतल्या तर ओल भरली की कळतं, मग मंद आचेवर कोरड्या तव्यावर दाणे गरम करून परत वापरा. बुरशी धरलेलं पुस्तक घरात झटकू नका, ती बाकीच्यांवर बसते. बाहेर सज्ज्यात, नाकाला फडकं बांधून, मऊ ब्रशने बांधणीकडून कडेकडे झाडा. ओलं असेल तर आधी सावलीत, पंख्याखाली, पानं उघडून वाळू द्या. उन्हात ठेवाल तर जुना कागद पिवळा पडून तडकतो.

माटोळी, म्हापसा
देव बरें करूं. आता मूळ विषयाला धरून एक विचारते. सगळी पुस्तकं पुण्याची, लंडनची, मिसिसिपीची. गोव्याचं पोर कुठे मोठं होतं?

पाणवठा, पेडणे
लॅम्बर्ट मास्करेन्यस ह्यांची 'सॉरोइंग लाइज माय लँड' (१९५५). पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या काळातला गोवा, सांगणारा मुलगा, पण कादंबरीभर दिसतो तो त्याचा बाप. पोर मोठं होतं ते बापाला मोडताना बघत. गोवामुक्तीच्या सहा वर्षं आधी छापलेलं पुस्तक आहे, हे वाचताना विसरू नका. सांगणाऱ्याला १९ डिसेंबर १९६१ ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक आहे. अंतर इथे इतिहासाने घातलंय.

कोंकणीत पुंडलीक नायकांची 'अच्छेव' (१९७७). खाणीने गाव खाल्लं त्याची गोष्ट. पंढरी-रुक्मिणीच्या घरातली पोरं त्यात वाढतात. वाढतात म्हणण्यापेक्षा नासतात. सरळ वयात येण्याची कादंबरी ती नव्हे, पण डिचोली-सांग्याच्या मुलांना 'मोठं होणं' कशावर अवलंबून असतं ते तिच्याइतकं रोखठोक कोणी सांगितलेलं नाही.

बांध, डिचोली
'अच्छेव'बद्दल अक्षर न् अक्षर मान्य.

सुरंगी, मडगाव
आणि ह्या धाग्याला अगदी नेमकी बसणारी दामोदर मावजो ह्यांची 'जीव दिवं काय च्या मारूं' (२०२०). विपिन हुशार आहे, पुस्तकांत बुडालेला आहे, घरात मायेचा शब्द नाही. इंग्रजीत ती 'बॉय, अनलव्ड' नावाने आली. फक्त मराठी वाचक पहिल्या पानाआधीच अडखळतो, नावापाशीच. 'काय च्या' वाचलं की आपला डोळा 'च्या'ला षष्ठीचा प्रत्यय समजतो आणि वाक्य लागतच नाही. इथे च्या म्हणजे चहा. जीव देऊ, की चहा मारू? मरण आणि पेलाभर चहा एका ओळीत, एकाच मापात. एकदा ते कानाला लागलं की विपिनचा आवाजही लागतो. म्हणून देवनागरी कोंकणी डोळ्यांनी वाचायला घेऊ नका. पहिली दहा पानं मोठ्याने वाचा, पुढे मराठी वाचकाला हात धरावा लागत नाही. गोव्यात राहून ही कादंबरी इंग्रजीतून वाचणं हे मात्र मनाला लागतं.

खाजन
सुरंगीबाय, नावाचं हे उलगडून सांगितलंत ते लाखमोलाचं. आणि पांडुरंगाचं 'वगैरे' ह्याच्या शेजारी ठेवून बघा. दोघेही मोठी गोष्ट बोलता बोलता हलक्या शब्दाकडे वळतात. 'द कॅचर इन द राय'चा होल्डन तेच करतो. धाकट्या भावाच्या बेसबॉलच्या हातमोज्यावर हिरव्या शाईने कविता लिहिलेल्या, आणि तो ते सांगतो शाळेतल्या निबंधाच्या निमित्ताने, जाता जाता. मनी आणि अ‍ॅली, दोन्ही पुस्तकांच्या पोटात मेलेलं भावंड आहे. 'कोसला' आणि 'कॅचर'ची तुलना करणारे बहुतेक जण बंडखोरीवर बोलतात, भावंडांवर फारसं नाही.

तिसवाडीकर
कुळागरबाब, पिप पुरा घेणार की संक्षिप्त?

कुळागर, फोंडा
संक्षिप्त अजिबात नको. शाळेसाठी कापलेल्या प्रतीत घटना सगळ्या राहतात : कैदी, मिस हॅविशॅम, पैसा, आग. जातं ते मोठ्या पिपचं मधे मधे थांबून बोलणं, कारण ते काढलं तरी गोष्ट तुटत नाही. म्हणजे ज्यासाठी वाचायचं तेच गेलं. ५९ प्रकरणं आहेत, तीन भागांत १९, २० आणि २० अशी. पहिल्या भागाला चार आठवडे, पुढच्या दोन्हींना तीन-तीन. मूळ पुस्तक १८६०-६१ मध्ये साप्ताहिकात ३६ हप्त्यांनी आलं, त्यामुळे प्रकरणं आखूड आहेत, शेवटाला ओढ ठेवलेली आहे. मोठ्याने वाचायला त्याचा फायदा होतो.

अडतं ते दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला. लंडनमध्ये नवी माणसं भराभर येतात आणि नावं डोक्यात राहत नाहीत. फळ्यावर दोन रकाने करायचे : जोच्या घरची माणसं आणि पैशामागून आलेली माणसं. कोण कुठल्या रकान्यात ते गटानेच ठरवायचं, आणि पुढे तो कैदी, मॅग्विच, परत आला की खडूने खोडून परत लिहायचं.

दोन शेवट आहेत, तेही शेवटच्या बैठकीला दोन्ही वाचू. आधीच्या शेवटात पिप आणि त्याचा जिच्यावर जीव आहे ती एस्टेला लंडनच्या रस्त्यात क्षणभर भेटतात आणि आपापल्या वाटेने जातात. लेखकमित्र बुल्वर-लिटनच्या सांगण्यावरून डिकन्सने तो बदलला आणि दोघांना मिस हॅविशॅमच्या पडक्या वाड्याच्या बागेत आणून उभं केलं. कुठल्या शेवटात सांगणारा पिप जास्त मोठा झालेला वाटतो, एवढाच प्रश्न ठेवायचा. माझं मत पहिल्याला.

बांध, डिचोली
दुसऱ्याला. इतकी वर्षं सोसून झाल्यावर माणसाला बागेत हात हातात घेऊ द्यावा.

कुळागरबाब, मुलांबद्दलचं माझं म्हणणं थोडं सरकवतो, सोडत नाही. हक, लंपन आणि 'शाळा' त्यांना द्या, तिथे सांगणारा जवळ उभा आहे. पिप, 'स्मृतिचित्रे' आणि 'बलुतं' मोठ्यांनी वाचावं आणि मुलांनी नुसतं ऐकत बसावं. त्या वयात ऐकलेलं पुढे कधीतरी वर येतं. त्यांना लगेच 'काय कळलं' विचारायचं नाही, एवढी अट.

कुळागर, फोंडा
अट मान्य, बांधबाब. पहिल्या दोन बैठका हकला, मग एक लंपनची कथा, मग पिप. 'झोंबी'ची पाच पानं आणि मनीची पानं मधे जिथे बसतील तिथे. पिपचे दहा आठवडे धरले तर हे चवथ ओलांडून जातं. चवथीला आठवडाभर सुट्टी घेऊ आणि पुढे चालू ठेवू. 'जीव दिवं काय च्या मारूं' शेवटी, मडगावहून कोणी येऊन मोठ्याने वाचणार असेल तर.

सुरंगी, मडगाव
मी येते. फोंड्याची शेवटची बस किती वाजता सुटते तेवढं कळवा.

रानआवळा
हकचं ३१ वं प्रकरण वाचायला कोण?

कुळागर, फोंडा
बारावीतलं कोणीतरी. कागद फाडतो त्या ओळीपाशी थांबायचं, पुढचं वाक्य दुसऱ्याने वाचायचं.